आजीच्या व्यायामाचा डोस

नमस्कार मॅडम,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पुराव्यावर आधारित उपचारांबद्दल कॉलेजात खूप ऐकलं, परीक्षेत लिहिलंही. इथे मात्र डॉक्टरांची चिठ्ठी येते ती ‘आय.एफ.टी., एस.डब्ल्यू.डी., १० दिवस’ अशी, म्हणजे दुखण्यावर करंट आणि शॉर्टवेव्ह मशीनचा शेक. पेशंट बहुतेक साठीपुढचे. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचा पडून मोडलेला खुबा, कुणाला लकवा. त्यांनाही मशीनच हवी असते. ‘मॅडम, करंट लावून द्या ना, बरं वाटते,’ म्हणतात. व्यायाम सांगितला की, ‘आता काय व्यायामाचं वय राह्यलं काय बाई?’

सध्या ७४ वर्षांच्या एक आजी येतात. उन्हाळ्यात न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला रॉड टाकला. मुलगा म्हणतो, ‘वॉकर धरून संडासपर्यंत गेली तरी लय झालं.’ आजी म्हणतात, ‘मले पोळ्याले वावरात जायचं हाय.’ मी त्यांना पडून पाय उचलणं, घोटा हलवणं असे हलके व्यायाम दिले आहेत. जास्त द्यायची भीती वाटते. पेपर वाचायला घ्यावेत तर सगळे ऑस्ट्रेलिया नाहीतर डेन्मार्कचे. तिथे जिम आहे, खुर्च्या आहेत. इथे लोक जमिनीवर बसतात आणि एस.टी. चुकली की येतच नाहीत. असे उपचार खेड्यात शक्य आहेत का? सुरुवात कुठून करू? आणि मशीन कमी केली तर पेशंट तुटतील का?

– एक फिजिओथेरपिस्ट, यवतमाळ जिल्हा

---

नमस्कार,

हो, शक्य आहेत. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला मशीनच्या तक्रारीपेक्षा महत्त्वाचं वाटलं : ‘जास्त द्यायची भीती वाटते.’ म्हणून आधी त्याबद्दल बोलते, मशीनकडे नंतर येते.

आपल्या व्यवसायात एक सवय फार खोल मुरली आहे. पेशंट तिशीचा असला की आपण त्याची ताकद तपासतो, वजन ठरवतो, आठवड्या-आठवड्याला वाढवतो. सत्तरी ओलांडलेली बाई आली की तपासणं बाजूला राहतं आणि वय बघूनच व्यायाम ठरतो. घोटा हलवा, गुडघ्याखाली टॉवेल दाबा, पाय सरळ उचला, प्रत्येकी १० वेळा. महिनाभराने बघावं तर तेच व्यायाम, तेही १० वेळाच. यामागे काळजी असते हे मला कळतं. पण एवढ्याने ताकद वाढते असं दाखवणारा पुरावा नाही. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनने २०१४ साली टाळायच्या पाच गोष्टी जाहीर केल्या. ज्येष्ठांना ताकदीचा व्यायाम अपुऱ्या डोसमध्ये देऊ नका, ही त्यांतली एक. बी.पी.ची गोळी कमी पडली तर डॉक्टर डोस वाढवतात. व्यायाम कमी पडला तर आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो.

वय झाल्यावर काय होऊ शकतं हे मारिया फियातारोन या संशोधक डॉक्टरांनी १९९० सालीच दाखवलं. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातले ८६ ते ९६ वयाचे १० अशक्त रहिवासी त्यांनी निवडले आणि आठ आठवडे त्यांच्या मांडीच्या स्नायूंना चांगलं जड वजन दिलं. ज्यांनी पूर्ण केलं त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. एवढ्याशा लोकांवरून काय ठरवणार, असं कुणी म्हणेल. म्हणून १९९४ साली त्यांनी १०० रहिवाशांवर नीट चाचणी केली. १० आठवड्यांत ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग आणि जिना चढायची शक्तीही सुधारली. त्याच चाचणीत काहींना व्यायामाविना नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं. त्यांची कमजोरी काही हटली नाही. मेडिकलमधून प्रोटीनचा महागडा डबा आणून ‘आता माय उठून चालन’ म्हणणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा. खाणं लागतंच. वरण, चण्या-मुगाच्या उसळी, दूध, चालत असेल तर अंडी, हे ताटात वाढलंच पाहिजे. पण स्नायूवर भार पडल्याशिवाय नुसतं खाऊन ताकद येत नाही.

पुढे २००९ साली कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १२१ चाचण्या आणि सुमारे ६,७०० ज्येष्ठ एकत्र तपासले गेले. आठवड्यातून दोन-तीनदा, हळूहळू भार वाढवत केलेल्या व्यायामाने ताकद वाढते आणि खुर्चीतून उठणं, चालणं यांसारखी कामं सुधारतात, हे त्यातून दिसलं. त्याच आढाव्याने हेही नोंदवलं की बऱ्याच चाचण्यांनी दुखापती नीट लिहून ठेवल्या नव्हत्या. म्हणजे भार वाढवायचा, पण नजर ठेवून.

आता तुमच्या आजी. सगळ्यात आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन करून दोन गोष्टी विचारा : पायावर पूर्ण वजन टाकायला परवानगी आहे का, आणि ताज्या एक्स-रेमध्ये हाड कसं दिसतं. रॉड टाकलेल्या बहुतेकांना लवकरच वजन टाकायला सांगतात, पण ते मोडण्याच्या प्रकारावर आणि रॉड कसा बसला त्यावर ठरतं. हे न विचारता पुढे जाऊ नका. (खुब्याचा बॉल बदललेला पेशंट आला तर जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं, पाय ओलांडणं याबद्दलही विचारावं लागतं.) परवानगी मिळाली की खाटेवर पडून करायचे व्यायाम बाजूला ठेवून आजींना उभं करा. त्यांना उभ्याने करायच्या गोष्टी करायच्या आहेत, तर सरावही उभ्यानेच हवा.

उठ-बस हा त्यांचा मुख्य व्यायाम. बाज सैल असते, बसलं की खड्डा पडतो, म्हणून लाकडी दिवाण किंवा भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या. वर घड्या घातलेल्या गोधड्या ठेवा, म्हणजे बैठक उंच होईल. हाताचा आधार न घेता ज्या उंचीवरून त्या कशाबशा आठ वेळा उठू शकतील, ती उंची आज धरायची. शेवटच्या दोन वेळा चांगलं कष्टाने जमलं पाहिजे. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. आठाच्या बारा झाल्या की एक गोधडी काढायची. गोधड्या संपल्या की हातात किलोभर तुरीच्या डाळीची पिशवी. दोन-तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. घोट्याला बांधायला रेतीची पिशवी घरीच शिवता येते. अर्ध्या किलोपासून सुरू करून उभ्याने पाय बाजूला नेणं आणि मागे नेणं. खुब्याच्या बाजूचे स्नायू कच्चे राहिले तर माणूस लंगडत चालतं, आणि खुब्याचं हाड मोडलेल्यांत हेच फार दिसतं. मग ओट्याची पायरी : आधी एकच, खांब धरून, ऑपरेशनचा पाय वर ठेवून चढायचं. बसून गुडघा सरळ करण्याला मी शेवटचा नंबर देईन.

तोलाचा व्यायाम याच्या जोडीला हवाच. २०१९ सालच्या कोक्रेन आढाव्यात घरी राहणाऱ्या ज्येष्ठांच्या १०८ चाचण्या होत्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं, आणि ज्यात तोल आणि रोजच्या हालचालींचा सराव होता त्या व्यायामांचा पुरावा सगळ्यात भक्कम होता. मात्र तोल डळमळला पाहिजे. दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरून उभं राहणं हा तोलाचा व्यायाम होत नाही. दोन भिंतींच्या कोपऱ्यात पाठ करून उभं करा, समोर खुर्ची ठेवा, तुम्ही बाजूला थांबा. पाय जवळ, मग एक पाय अर्धा पुढे, मग एकापुढे एक. हात सुटत जातील.

‘जास्त’ म्हणजे नेमकं किती, हाच तुमचा खरा प्रश्न आहे. व्यायामानंतर मांड्या भरून येणं, दोन दिवस दुखणं चालेल. सांध्याचं किंवा जखमेजवळचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर डोस बरोबर आहे. सकाळीही वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी वजन थोडं कमी करा, व्यायाम बंद करू नका. जांघेत नवं, तीव्र दुखणं सुरू झालं, पाय आखूड वाटू लागला किंवा बाहेर वळला, तर सर्जनकडे पाठवा. एकाच पोटरीवर सूज आणि दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं असेल तर त्याच दिवशी, लगेच. बी.पी. ताब्यात नसेल तर आधी ते. आपल्या भागात आणखी दोन गोष्टी विचारायच्याच. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या पेशंटला दमछाक होईपर्यंत नेऊ नका, पाणी पाजत राहा, आणि अशा पेशंटचा खुबा दुखत असेल तर हाडाचा रक्तपुरवठा गेला आहे का याची शंका घ्या. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यालेल्या माणसाची कंबर आणि गुडघे ताठ होतात, आणि ते दुखणं साध्या झिजेचं समजून आपण फसतो. गावात बोअरवेल कोणती, आणखी कितीजण असेच वाकलेत, एवढं तरी विचारा.

एक गोष्ट तुमच्या कक्षेबाहेरची आहे, तरी ती तुम्हीच करून आणू शकता. न्हाणीत उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला याचा अर्थ हाडं ठिसूळ आहेत. २००७ साली खुबा मोडलेल्या २,१२७ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड या हाडांच्या औषधाचं इंजेक्शन दिलेल्यांत नवी मोडतोड ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. रॉड टाकून घरी गेलेल्या किती म्हाताऱ्यांना हाडांचं औषध सुरू झालेलं तुम्ही पाहिलंय? डॉक्टरांना चिठ्ठी लिहा : ‘ठिसूळ हाडांचा उपचार सुरू करता येईल का, किडनी, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघून सांगावे.’ मोतीबिंदू आहे का तेही विचारा. आणि मुलाला न्हाणीतली फरशी खरबडीत करून घ्यायला, भिंतीत धरायला पक्का दांडा बसवायला आणि रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवायला सांगा.

आता मोजमाप. मला विचाराल तर खेड्यातल्या दवाखान्यात पुराव्याची सुरुवात इथूनच होते. एक पक्की, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची, मोबाइलचं घड्याळ आणि एक वही, बस. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. खुर्चीपासून तीन मीटरवर चुन्याची रेघ ओढा. ‘उठा, रेघेपर्यंत जा, वळून या, बसा’, याला लागणारे सेकंद लिहा. ही चाचणी १९९१ पासून जगभर वापरतात. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. आजींना सुरुवातीला ३०-४० लागले तरी घाबरू नका. पहिल्या दिवशीचा आकडा वाईट असला तरी पुढे त्याचाच उपयोग होतो. दर दोन आठवड्यांनी तीच खुर्ची, तीच रेघ, हातात तोच वॉकर किंवा काठी. आकडा हलला नाही तर आजींच्या वयाला दोष देण्याआधी डोस तपासा.

या दोन्ही चाचण्या खुर्चीच्या आहेत, आणि तुमची अडचण बरोबर आहे. आपल्या माणसांचं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं. भाजी निवडणं, जेवणं, पंगत, पूजा, निंदण. म्हणून तिसरी नोंद आपली स्वतःची ठेवा : पाटावरून किंवा जमिनीवरून उठताना किती आधार लागतो. माणूस, मग भिंत, मग दोन हात, मग एक हात, मग काहीच नाही. या नोंदीला संशोधनाचा आधार नाही असं समजू नका. ब्राझीलमधल्या एका संशोधनात ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं होतं. ज्यांना जास्त आधार लागला त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. उठण्याने आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही, पण जमिनीवरून उठता येणं हे प्रकृतीचं चांगलं माप आहे एवढं नक्की. आजींना मात्र जमिनीवर बसवायची घाई नको. सर्जनचा होकार आणि उंच बैठकीवरून पक्की उठ-बस आल्यावर आधी चौरंग, मग पाट.

पाश्चात्त्य पेपरबद्दल. स्नायू भार मिळाला की वाढतो, हे बोस्टनमध्ये जितकं खरं तितकंच दारव्ह्यात आणि पांढरकवड्यात. तिथली खुर्ची, तिथलं ध्येय, तिथली घरची माणसं इथे तशीच आणता येत नाहीत. डोसचं तत्त्व आणता येतं. न्यूझीलंडच्या ओटागो कार्यक्रमाचंच बघा. १९९७ साली ८० वर्षांपुढच्या २३३ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चारदा घरी गेली, पायाची ताकद आणि तोल यांचे व्यायाम बसवून दिले, नंतर फोनवर विचारपूस केली. पडणं कमी झालं. जिम नाही, मशीन नाही, रोजच्या फेऱ्या नाहीत. जिथे दिवसातून दोनच एस.टी. येतात, त्या गावासाठीच जणू हे बसवलंय असं मला वाटतं.

पण पुरावा आपल्या मनासारखाच बोलेल असं नाही. लकव्याच्या पेशंटचं घ्या. फिजिओथेरपिस्ट कमी, घरची माणसं भरपूर, तर घरच्यांनाच शिकवावं, हे आपल्या सगळ्यांच्या मनाला पटणारं उत्तर. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर त्याची चाचणी झाली, २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन घरच्यांना शिकवलेल्या आणि नेहमीची देखभाल मिळालेल्या, दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. घरच्यांना शिकवू नका असं त्यावरून ठरत नाही. उचलणं, कूस बदलणं, जखमा टाळणं त्यांना यायलाच हवं. पण सुनेला चार हालचाली दाखवून ‘घरी करून घ्या’ म्हटलं की पुनर्वसन झालं, असं समजायला आता जागा नाही. तसंच लवकर उठवण्याचं. २०१५ सालच्या चाचणीत २,१०४ लकवाग्रस्तांपैकी ज्यांना २४ तासांच्या आतच वारंवार उठवून चालवलं, त्यांचा निकाल नेहमीची देखभाल मिळालेल्यांपेक्षा कमी चांगला आला. खुब्याच्या ऑपरेशननंतर मात्र दुसऱ्याच दिवशी उठवायला ब्रिटनची ‘नाइस’ ही उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणारी संस्था सांगते. आजार बदलला की डोसही बदलतो, वेळही बदलते. म्हणून वाचत राहावं लागतं.

आणि पुरावा परदेशातच तयार होतो असं विदर्भातल्या माणसाने तर म्हणूच नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, ४७ गावांशी तुलना केली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्यातली वजनं आणि नोंदी गावातल्या बायांनी केल्या होत्या. तुमच्या वहीतल्या दहा-वीस आज्यांच्या नोंदी म्हणजे संशोधन नव्हे, पण इथल्या लोकांत काय चालतं हे तुम्हाला त्यांच्याइतकं कुणीच सांगू शकणार नाही. पुराव्यावर आधारित उपचारांची व्याख्या डॉ. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ साली मांडली, तेव्हाही त्यांनी संशोधनाबरोबर उपचार करणाऱ्याच्या अनुभवाला आणि रुग्णाच्या इच्छेला जागा ठेवली होती. ‘पोळ्याले वावरात’ हे आजींचं म्हणणं त्या व्याख्येतच बसतं. ते केसपेपरवर ध्येय म्हणून लिहा. पोळ्यापर्यंत निंदणाला बसणं होणार नाही, तसं वचन देऊ नका. पावसाळ्यात काळी माती चपलेला किलोकिलोने चिकटते आणि धुऱ्यावर पाय घसरतो. पण संडास, मग अंगण, मग गल्ली, मग डांबरी रस्ता, मग काठी घेऊन कोरड्या दिवशी धुऱ्यापर्यंत, सोबत नातू. हे टप्पे आजींच्या समोरच मुलाला वाचून दाखवा.

मशीनबद्दल आता थोडक्यात, कारण पुरावा सरळ आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी ‘नाइस’च्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचना व्यायाम द्या म्हणतात, आणि टेन्स (हाही त्वचेवरून द्यायचा करंटच), अल्ट्रासाउंड, आय.एफ.टी., लेझर, पल्स्ड शॉर्टवेव्ह देऊ नका म्हणतात. फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेच्या ज्या पाच गोष्टी वर सांगितल्या, त्यांत पहिलीच ही की अशा साधनांचा वापर व्यायामाला मदत होत असेल तेवढाच करा. तरीही मी तुम्हाला उद्यापासून मशीन झाकून ठेवा म्हणणार नाही. वर्षानुवर्षं ज्या बाईला हात लावून, शेक देऊन कुणी विचारलं नाही, तिला त्या १० मिनिटांत बरं वाटतं, आणि त्या वाटण्याचा मान ठेवायला हवा. क्रम बदला. आधी मोजणी, मग व्यायाम, मग हवा असेल तर थोडा वेळ शेक. ‘याने गुडघा भरून येईल’ असं मात्र कधी म्हणू नका. ‘थोडा वेळ दुखणं कमी वाटेल, ताकद व्यायामाने येईल,’ एवढंच खरं सांगा. एक गोष्ट ठामपणे नाकारायची : रॉड, प्लेट असलेल्या जागी किंवा पेसमेकर असलेल्या माणसाला एस.डब्ल्यू.डी. नाही. चिठ्ठीत लिहिलं असलं तरी नाही. आणि शुगरमुळे ज्यांच्या पायाची जाणीव गेली आहे त्यांना शेक देऊ नका. चटका बसलेला त्यांना कळत नाही.

डॉक्टरांशी वाद घालून काही हाती लागणार नाही. त्यांच्या चिठ्ठीला उत्तर पाठवायला लागा. चार ओळी : काय तपासलं, ३० सेकंदांत किती वेळा उठल्या, काय व्यायाम दिला, पुढची मोजणी कधी. दोन आठवड्यांनी नवा आकडा. पाच-सहा पेशंटची अशी उत्तरं गेली की मग बोला, ‘सर, चिठ्ठीवर तपासून योग्य तो उपचार, असं लिहाल का?’ मशीनचा हप्ता हा त्यांचा खरा प्रश्न असू शकतो, तोही मोकळेपणी ऐका. तपासणीची आणि व्यायामाच्या सत्राची वेगळी फी लावा म्हणावं. आज तुम्ही व्यायाम फुकट आणि मशीन पैशाने देता, मग लोकांनी व्यायामाला किंमत का द्यावी?

वाचनासाठी आठवड्याला अर्धा तास पुरे. सिडनीहून १९९९ पासून चालणारा ‘पेड्रो’ नावाचा फिजिओथेरपीच्या संशोधनाचा साठा मोबाइलवर फुकट उघडतो, प्रत्येक चाचणीला १० पैकी गुण दिलेले असतात. दर आठवड्याला एकच प्रश्न घ्या, आणि तो समोरच्या पेशंटमधून आलेला असू द्या. आधी मार्गदर्शक सूचना शोधा, मग आढावे, मग एखादी चाचणी. चाचणीत मी सगळ्यात आधी डोस बघते : किती वजन, किती वेळा, किती आठवडे. सारांशात तो बहुतेक वेळा नसतो, आत जावं लागतं.

पेशंट तुटतील का? १० दिवस रोज यायचं म्हणजे आजींच्या मुलाची १० दिवसांची मजुरी आणि ऑटोचं भाडं. तुम्ही आठवड्यातून एकदा-दोनदाच बोलावलंत, घरी करायचं नीट बसवून दिलंत आणि मध्ये फोन केलात, तर त्यांचे पैसे वाचतात. हे त्यांना हिशोब करून सांगा. आठवडी बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं तालुक्याला येतातच. त्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, गुडघेवाल्या आणि पडून उठलेल्या सात-आठ जणांचा एकत्र तासभराचा गट घ्या. दुसरी बाई आपल्यापेक्षा दोनदा जास्त उठली हे पाहिलं की ‘आता काय वय राह्यलं’ हे म्हणणं आपोआप मागे पडतं. पहिल्या बाजाराला तीनच जणी आल्या तरी गट बंद करू नका. नावं लिहून घ्या, पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी घरी फोन करा, आणि जी आली नाही तिच्या शेजारणीला का आली नाही ते विचारा.